वीज पडली कुठे, कॅमेरा गेला कुठे

पहिला वळवाचा गडगडाट होऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून सीसीटीव्ही बसवणाऱ्यांचे फोन वाजू लागतात. तक्रारी ठरलेल्या. गेटावरचे दोन कॅमेरे दिसत नाहीत. राउटरचे दिवे लागतात, पण नेट नाही. डीव्हीआर सुरू होतो, टिकटिक करतो आणि पुन्हा बंद पडतो. भोपाळच्या टी. टी. नगरात यावर मिळणारे उत्तरही ठरलेलेच: ‘बिजली गिरी है, पोर्ट उड़ गया.’ मग घरमालक गच्चीवर जाऊन पाहतो. पाण्याची टाकी शाबूत, कठडा शाबूत, अंगणातल्या कडुनिंबाला ओरखडाही नाही. वीज पडली तरी कुठे?

बहुतेक वेळा ती घरावर पडलेलीच नसते. शंभर-दोनशे मीटरवर एखाद्या झाडावर, खांबावर किंवा नव्या टॉवरच्या माथ्यावर ती उतरते आणि आपल्या घरातली तांब्याची लांबलचक तार तिची खबर घेते. कॅमेऱ्यांचे जाळे या बाबतीत दुर्दैवी आहे. त्याचे काम घराच्या कडेला, कंपाउंडच्या भिंतीवर, गेटाच्या खांबावर बसून बाहेर पाहण्याचे. म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्याला वीस-तीस मीटर तार लागणार, ती उघड्यावरून जाणार, आणि घरात येऊन एकाच पेटीत इतर सगळ्या तारांना भेटणार. शिवाय हे जाळे चोवीस तास चालू. टीव्हीचा प्लग काढता येतो. पाऊस-वादळाच्या रात्री कॅमेरे बंद करून झोपायचे, तर ते बसवले कशाला?

टी. टी. नगर म्हणजे तात्या टोपे नगर. मूळच्या येवल्याच्या या सेनानीला १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीत फाशी झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाली आणि त्याच्या नावाची ही वसाहत सरकारी कर्मचाऱ्यांच्या क्वार्टरांनी भरत गेली. बैठी-दुमजली घरे, मागेपुढे अंगण, मोठाली झाडे, चालत जाण्याच्या अंतरावर न्यू मार्केट. अशा घरात बाहेरून येणाऱ्या तारा वर्षानुवर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या: विजेची, फोनची, आणि हौस असेल तर अँटेनाची. आता त्याच घराला डिशची केबल आहे, इंटरनेटची आहे, चार कॅमेऱ्यांच्या चार आहेत, व्हिडिओ डोअरफोनची आहे आणि गच्चीवर सोलर असेल तर पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत आणखी एक जोडी. २०१६ मध्ये देशातल्या पहिल्या वीस स्मार्ट सिटींत भोपाळ निवडले गेले. आधी ठरलेल्या शिवाजीनगर-तुलसीनगरातली झाडे तोडायला लोकांनी विरोध केला, तेव्हा प्रकल्प उत्तर आणि दक्षिण टी. टी. नगरात आला. जुनी क्वार्टरे पडू लागली, त्यांच्या जागी उंच इमारती आल्या. म्हणजे विजेला खुणावणारे उंच माथे वाढले, आणि त्यांच्या सावलीत नाजूक इलेक्ट्रॉनिक्स बाळगणारी घरेही वाढली.

मध्य प्रदेशाला हा विषय परका नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ माणसे दगावली, आणि राज्यांच्या यादीत मध्य प्रदेश सर्वांत वर होता. नैसर्गिक कारणांनी झालेल्या अपघाती मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू एकट्या विजेचे. यात जाणारे बहुतेक शेतात राबणारे, झाडाखाली आडोसा शोधणारे. त्या हिशेबापुढे जळलेल्या राउटरची गोष्ट क्षुल्लक वाटते, आणि आहेही. पण माणसे मोजली जातात तशी उपकरणे कोणी मोजत नाही. त्यामुळे या नुकसानाचे निदान आजही अंदाजाने होते, आणि अंदाज चुकला की उपायही चुकतो.

विजेच्या पहिल्या फटकाऱ्यात साधारण ३०,००० अँपिअर प्रवाह असतो; मोठ्या फटकाऱ्यात तो लाखाच्या पुढे जातो. घातक ठरतो तो प्रवाहाच्या आकड्याइतकाच त्याचा वेग. शून्यापासून शिखरापर्यंत तो काही मायक्रोसेकंदांत पोचतो. इतक्या झपाट्याने बदलणारा प्रवाह भोवती तसेच झपाट्याने बदलणारे चुंबकीय क्षेत्र उभे करतो, आणि त्या क्षेत्रात तारेचे वेटोळे सापडले तर त्यात व्होल्टेज निर्माण होते. फॅरेडेचा नियम, दहावीच्या पुस्तकातला. घरात वेटोळे कोण करते? आपणच. विजेची वायर मीटरपासून एका भिंतीने राउटरपर्यंत येते, नेटवर्कची केबल दुसऱ्या भिंतीने गेटाकडे जाते, आणि गेटावरच्या कॅमेऱ्याला तिथल्याच दिव्याच्या बोर्डातून वीज दिलेली असते. झाले पूर्ण वेटोळे. समजा त्याने ५० चौरस मीटर जागा वेढली आहे आणि १०० मीटरवर पडलेल्या विजेचा प्रवाह दर मायक्रोसेकंदाला ३०,००० अँपिअरने वाढतो आहे. हिशेब केला तर त्या वेटोळ्यात सुमारे ३,००० व्होल्ट उभे राहतात. इथरनेटच्या पोर्टने १,५०० व्होल्ट एसीचा, किंवा २,४०० व्होल्टच्या क्षणिक झटक्याचा विलगपणा टिकवला पाहिजे, असे त्याचे मानक सांगते. तीन हजार म्हणजे त्या रेषेच्या पलीकडे.

असा मेलेला नेटवर्कचा स्विच उघडून पाहण्यासारखा असतो. चार स्क्रू काढले की हिरव्या पट्टीवर, पोर्टांच्या मागे, काळे चौकोनी ठोकळे ओळीने दिसतात. ते बारीक ट्रान्सफॉर्मर. बाहेरची केबल आणि आतली चिप यांच्यामध्ये तांब्याची थेट जोड नसावी म्हणून ते बसवलेले असतात. त्यांच्या पायांपासून ७५ ओहमचे तिळाएवढे रेझिस्टर निघतात आणि २,००० व्होल्टच्या एका कपॅसिटरमधून धातूच्या पेटीला किंवा पट्टीवरच्या जमिनीच्या पट्ट्याला मिळतात. झटका आला की बऱ्याचदा इथेच ठिणगी उडते. कपॅसिटरची कड उडालेली, रेझिस्टरवर काजळी, शेजारी काळपट पट्टा. काही वेळा बाहेरून काहीच दिसत नाही, आणि भिंगातून पाहिले तर मुख्य चिपवर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा. आठपैकी पाच आणि सहा नंबरचे पोर्ट मेलेले आणि तेच नेमके गेटाकडे जाणारे असतील, तर झटका त्या केबलवरून आला. सगळे पोर्ट जिवंत, फक्त अडॉप्टर जळालेला, तर तो विजेच्या लाइनवरून आला. पाच मिनिटांचे हे निरीक्षण फार थोडे तंत्रज्ञ करतात. बाकीचे स्विच बदलून देतात, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा बदलून देतात.

दुसरी वाट जमिनीतून येते, आणि ती पटवून देणे सर्वांत अवघड. अर्थिंग म्हणजे शून्य व्होल्ट, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वीज पडते त्या क्षणी ती खोटी ठरते. तीस हजारांपैकी फक्त ३,००० अँपिअर घराच्या अर्थिंगमधून गेले आणि त्याचा रोध ५ ओहम असला, तरी घराची ‘शून्य’ जमीन दूरच्या जमिनीपेक्षा १५,००० व्होल्टने वर उचलली जाते. तेव्हा सगळे घर एकत्र वर गेले तर आतल्या उपकरणांना काहीच जाणवत नाही. घात होतो तो गेटावरचा लोखंडी खांब वेगळ्या जमिनीत उभा असतो आणि त्याला घट्ट आवळलेल्या धातूच्या कॅमेऱ्यापासून घरातल्या डीव्हीआरपर्यंत तांबे जाते म्हणून. पंधरा हजारांचा फरक मग त्या तारेच्या दोन टोकांमध्ये येऊन उभा राहतो. ‘थ्री प्लस वन’ नावाने विकल्या जाणाऱ्या केबलीत हे जास्तच सोपे होते, कारण कॅमेऱ्याच्या बारा व्होल्टची ऋण तार आणि चित्राच्या तारेचे कवच कॅमेऱ्यात बहुधा एकत्रच मिळालेले असतात.

भोपाळची जमीन यात आपली भर घालते. टेकड्या विंध्य वालुकाश्माच्या, सखल भागात बेसॉल्टवरची काळी माती. वालुकाश्मात चांगले अर्थिंग मिळवणे जिकिरीचे. काळी माती ओली असताना उत्तम, पण मे महिन्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि ती अर्थिंगच्या सळईपासून सुटते. म्हणजे वळवाच्या विजा येतात तेव्हाच अर्थिंग वर्षातले सर्वांत दुबळे असते. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतण्याची जुन्या वायरमनची सवय शास्त्राला धरून होती. मीठ-कोळशाच्या खड्ड्यांबरोबर तीही मागे पडली.

हा उपद्रव नवा मुळीच नाही. तारायंत्राच्या पहिल्या पिढीलाच तो भोगावा लागला. मैलोनमैल उघड्यावरची तार आणि तिच्या टोकाला नाजूक यंत्र, ही रचना तेव्हाचीच. १८४०च्या दशकातच तारघरांच्या यंत्रांपुढे बारीक तारा आणि ठिणगीच्या फटी बसवल्या जाऊ लागल्या. टेलिफोन आल्यावर पुढे एक्स्चेंजमध्ये प्रत्येक जोडीवर वायू भरलेल्या चिमुकल्या नळ्या बसल्या: व्होल्टेज चढले की आतला वायू वाहक होतो आणि झटका जमिनीत जातो. ब्रॉडबँड तांब्याच्या फोनलाइनवरून येत होते त्या दिवसांत एक्स्चेंजचे टोक असे राखलेले असे, घरातला मोडेम मात्र उघडा. पावसाळ्यात मोडेम जाणे हा त्या पिढीचा वार्षिक खर्च होता.

फायबरने ती वाट बंद केली. काचेतून विजेचा लोंढा येत नाही. म्हणून घरोघरी फायबर आल्यावर नेटवर्क जळण्याचे थांबेल असे वाटले होते. ते अर्धेच खरे ठरले. काही हवाई फायबर केबलींना आधारासाठी पोलादी तार असते. ती घरात शिरण्याआधीच कापली पाहिजे, पण कधी कधी ती थेट डब्यापर्यंत आणून गुंडाळून ठेवलेली दिसते. शिवाय ओएनटीला, म्हणजे घरात फायबर जिथे संपते त्या डब्याला, अडॉप्टर लागतो, आणि त्याच्या पाठीतून निघणारी कॅट सिक्स पुन्हा तांब्याचीच. पुढचा दरवाजा बंद झाला, खिडक्या मात्र चार कॅमेऱ्यांनी उघडल्या.

एक गोष्ट विजेच्या बाजूने बोलायला हवी. तिच्या नावावर खपवलेली सगळीच पापे तिची नसतात. इमारतीला तीन फेज येतात आणि न्यूट्रल कुठेतरी सैल होतो किंवा तुटतो, तेव्हा एखाद्या फ्लॅटमध्ये २३०च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब जातो. वादळात फांद्या पडून नेमके हेच घडते. मग अडॉप्टर, एलईडी दिवे, फ्रिजचे कार्ड एका झटक्यात जातात आणि आभाळात गडगडत असल्यामुळे संशय आभाळावरच जातो. मोठे मोठेही यात फसतात. ऑगस्ट २०११ मध्ये डब्लिनजवळचे अॅमेझॉनचे डेटा सेंटर कोलमडले. कारण सांगितले गेले ट्रान्सफॉर्मरवर पडलेली वीज. काही दिवसांनी कंपनीने आपल्या अहवालात नोंदवले की, वीजपुरवठादाराचे मत बदलले आहे; बिघाडाचे कारण वीज पडणे हे नव्हते. उलट ऑगस्ट २०१५ मध्ये बेल्जियममधल्या गूगलच्या केंद्राजवळच्या वीजजाळ्यावर लागोपाठ चार वेळा वीज पडली, आणि डिस्कवरच्या माहितीचा अगदी नगण्य, टक्क्याच्या दहा लाखाव्या भागाएवढा अंश कायमचा गेला. तिथे बॅटऱ्या, जनरेटर, अभियंत्यांची फौज होती. टी. टी. नगरातल्या घरात एक्स्टेंशन बोर्ड असतो.

त्या बोर्डाविषयी थोडे. ‘स्पाइक गार्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त बोर्डांपैकी कितीतरी उघडून पाहिले तर आत पितळी पट्ट्या आणि एक लाल दिवा. झटका शोषणारी चकती, म्हणजे एमओव्ही, असेलच असे नाही. असली तरी प्रत्येक झटक्यागणिक ती थोडी थोडी झिजते आणि संपली हे सांगत नाही. स्टॅबिलायझर या कामाचा नाही. त्याची रिले हलायच्या आत सगळे आटोपलेले असते. राउटरचा मिनी यूपीएस वीज गेल्यावर कामी येतो, झटक्यापुढे नाही. खरी शहाणी वस्तू म्हणजे मीटरजवळच्या मुख्य डीबीत, म्हणजे वितरण पेटीत, बसणारा टाइप टू सर्ज अरेस्टर. त्याला छोटी खिडकी असते, हिरवी म्हणजे शाबूत, लाल म्हणजे बदला. तो बसवतानाच बहुतेक जण चुकतात. त्याला जोडणाऱ्या वायरीची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत असावी असा संकेत आहे, कारण एक मीटर सरळ वायरही अशा वेगवान प्रवाहाला मोठा अडथळा करते. दर मायक्रोसेकंदाला हजार अँपिअर वाढणाऱ्या प्रवाहात तिच्या दोन टोकांमध्ये हजारेक व्होल्ट उभे राहतात. वायर नीटनेटकी दिसावी म्हणून तिला तीन वळसे दिले की महागडा अरेस्टर शोभेचा होतो. आणि न्यूट्रल तुटण्याचा धोका असेल तर शेजारी जास्त-कमी व्होल्टेजला लाइन तोडणारे कटआउट हवेच, कारण लांबलेल्या ४०० व्होल्टपुढे अरेस्टर स्वतःच जळतो.

नेटवर्कच्या तारेसाठी वेगळे अरेस्टर मिळतात, डबीसारखे, दोन्हीकडे आरजे ४५ची भोके आणि बाजूला एक हिरवी तार. ही हिरवी तार कुठे जोडायची यावर सगळा खेळ आहे. ती घराच्या मुख्य अर्थिंगच्या पट्टीलाच मिळाली पाहिजे, जिथे विजेचा अरेस्टर आणि डिशची केबल मिळते. बरेच जण मात्र तिच्यासाठी बागेत वेगळी सळई ठोकतात आणि ‘डेडिकेटेड अर्थ’ दिल्याच्या समाधानात असतात. वेगळी जमीन म्हणजे वेगळे व्होल्टेज. जो फरक मिटवायचा होता तोच हौसेने उभा केला. काही जण ती तार मोकळीच ठेवतात. तेव्हा ती डबी फक्त केबलचा आणखी एक जोड.

याहून सोपा आणि बहुधा स्वस्त मार्ग तांबे तोडण्याचा. गेट किंवा आउटहाउस लांब असेल तर मधला टप्पा फायबरचा करायचा, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर. त्यांची जोडी एखाद्या बऱ्या कॅमेऱ्याच्या किमतीत बसते. जवळच्या कॅमेऱ्यांना पीओईने, म्हणजे एकाच केबलीतून नेट आणि वीज दोन्ही द्यायची, जेणेकरून तिकडच्या दिव्याच्या बोर्डाशी त्यांचे नाते उरत नाही. लोखंडी खांबावर कॅमेरा थेट न आवळता मध्ये पीव्हीसीची पेटी ठेवायची. नेटवर्कची केबल आणि विजेची वायर थोडे अंतर राखून एकाच वाटेने न्यायच्या, म्हणजे वेटोळे लहान राहते. बाहेरच्या कॅमेऱ्यांचा स्विच वेगळा आणि स्वस्त ठेवून तो रेकॉर्डरला फायबरने जोडला तर पडझड झालीच तरी तिथे थांबते. यातले काहीही अवघड नाही. पण हे सगळे भिंत फोडायच्या आधी ठरवायचे असते, आणि कॅमेरे भिंत रंगवून झाल्यावर येतात.

टॉवरमध्ये राहणाऱ्यांचा भरवसा गच्चीवरच्या तडितरक्षकावर असतो. तो इमारत वाचवतो, आग टाळतो. त्याचे काम तेवढेच. वीज त्याच्यावर पडली की सगळा प्रवाह खाली उतरणाऱ्या पट्ट्यांमधून जातो, आणि सोयीची जागा म्हणून लिफ्ट-जिन्याच्या डक्टमधल्या नेटवर्कच्या केबली त्याच पट्ट्यांना खेटून चढवलेल्या असतील तर वेटोळ्याचा हिशेब शंभर मीटरवरून एका मीटरवर येतो. भारताने स्वीकारलेल्या आयएस/आयईसी ६२३०५ या मानकाचा चौथा भाग पूर्णपणे इमारतीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या संरक्षणाला वाहिलेला आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात मात्र ‘लायटनिंग अरेस्टर’ ही एक ओळ येते आणि ती गच्चीवर संपते. एकच दांडा शंभर मीटरची त्रिज्या राखतो अशी जाहिरात करणारे दांडेही बाजारात जोरात आहेत. त्या वाढीव त्रिज्येला या मानकात जागा नाही.

इशारा मिळण्याची सोय आता बरी झाली आहे, आणि तिचा उगम पुण्याचा. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१४ मध्ये महाराष्ट्रात वीस संवेदक बसवून विजांचे ठिकाण शोधणारे जाळे सुरू केले, पुढे ते देशभर नेले. ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप त्यावरच चालते आणि आपल्या भोवतीच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजा दाखवते. याच संस्थेचे वातावरण संशोधनाचे खुले केंद्र भोपाळपासून पन्नासेक किलोमीटरवर, सीहोर जिल्ह्यातल्या सिलखेड्याला उभे राहिले. मार्च २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. शेतातल्या माणसाला अशा इशाऱ्याचा उपयोग थेट आहे. घरातल्या माणसालाही आहे: राउटरचा अडॉप्टर आणि बाहेरून येणारी केबल, दोन्ही काढून ठेवता येतात. फक्त अडॉप्टर काढून केबल लावलेली ठेवली तर अर्धेच काम झाले. आणि गडगडाट डोक्यावर आला असताना तारांना हात लावायचा नाही. यंत्र गेले तर गेले.

नुकसान झाल्यावर भरपाई कोण देणार? वॉरंटी कार्डाच्या बारीक अक्षरात वीज आणि सर्ज बहुधा वगळलेले असतात. मग विमा. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना विकावी लागणारी ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी घरासाठी आहे, आणि तिच्या संरक्षित संकटांत वीज पडण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. इथवर वाचून माणूस निश्चिंत होतो. पण वगळलेल्या गोष्टींच्या यादीत विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे एक कलम आहे: जादा दाब, शॉर्ट सर्किट, ठिणगी, गळती यांनी त्या उपकरणाचेच झालेले नुकसान मिळणार नाही, कारण काहीही असो, आणि पुढे कंसात ‘विजेसह’. राउटर पेटून पडदे आणि कपाट जळाले तर त्यांची भरपाई मागता येते, राउटरची नाही. अग्निविम्याच्या जुन्या पॉलिसीतून हे वाक्य जसेच्या तसे चालत आले आहे. ते लिहिले गेले तेव्हा घरातले उपकरण म्हणजे पंखा आणि मोटर होती. इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा वेगळा विमा मिळतो, पण चार कॅमेऱ्यांच्या घराने तो घेतल्याचे सहसा ऐकू येत नाही.

विद्या मात्र अपुरी नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ‘के. ८५’ नावाची एक स्वतंत्र शिफारसच काढली आहे, घरगुती नेटवर्कवरचा विजेचा परिणाम कमी कसा करावा यावर. अर्थिंगसाठी आयएस ३०४३ आहे. अडचण अशी की घरात तांबे ओढणारी माणसे चार आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. वायरमन विजेपुरते पाहतो. केबलवाला आपली तार खिडकीतून आत सोडतो. कॅमेरेवाला जिथे बोर्ड दिसेल तिथून वीज घेतो. सोलरवाला गच्चीवर स्वतःची अर्थिंगची सळई ठोकतो आणि निघून जातो. झटका या चौघांच्या कामाच्या सांध्यावर येतो, आणि सांधा कोणाच्याच बिलात नसतो. सरकारी क्वार्टर असेल तर पाचवा वाटेकरी सरकारी बांधकाम खाते. नव्या टॉवरमध्ये सोसायटी.

सोसायट्यांना यात थोडी सोय आहे, कारण त्या कॅमेऱ्यांचे काम कोटेशन मागवून देतात. त्या कोटेशनमध्ये कॅमेऱ्यांचे मेगापिक्सेल, हार्डडिस्कचे टेराबाइट आणि किती दिवसांचे रेकॉर्डिंग हे सगळे तपशीलवार लिहिलेले असते. त्यातच तीन ओळी वाढवल्या तर खर्च फारसा चढत नाही: गेट आणि पार्किंगपर्यंतचा टप्पा फायबरचा असेल, सगळे अरेस्टर इमारतीच्या एकाच अर्थिंग पट्टीला जोडले जातील आणि जोडणीचा फोटो दिला जाईल, अर्थिंगचा रोध दरवर्षी मे महिन्यात, जमीन कोरडी असताना, मोजून लिहून दिला जाईल. मोजणी ऑगस्टमध्ये केली तर आकडा छान येतो, आणि म्हणूनच कंत्राटदार ती ऑगस्टमध्ये करायला तयार असतो.